बंद दार आणि अमानत

शहागंजच्या मागे आमचे जुने घर आहे. सरकारदरबारी २०२३ पासून शहराचे नाव छत्रपती संभाजीनगर झाले. गल्लीतल्या बोलण्यात ते अजून औरंगाबादच आहे. या गल्लीत मांजर कुणा एकाची नसते. सकाळी ती खाटकाच्या दुकानासमोर छिछड्यांची वाट पाहत बसते, दुपारी कुणाच्या तरी ओसरीवर झोपते, रात्री कुणाच्याही गच्चीवर भांडते. दस्तरखान उचलताना उरलेले कागदात घालून उंबऱ्याबाहेर ठेवायचे, ही आमच्या दादीची शिस्त होती. मांजरीने तोंड लावले म्हणून पाणी फेकून द्यायचे नाही, हेही तिनेच शिकवले. हजरत अबू कतादा (रजि.) यांनी वुजूचे भांडे मांजरीसमोर तिरपे धरले आणि पाहणाऱ्या सुनेला नवल वाटले, तेव्हा त्यांनी पैगंबरसाहेबांचा (स.) हवाला दिला. मांजर नापाक नाही, ती तुमच्या घरात ये-जा करणाऱ्यांपैकी आहे, असा त्याचा आशय. दादीला हदीसच्या ग्रंथाचे नाव सांगता आले नसते, पण अर्थ तिच्या हातात मुरलेला होता.

ये-जा करणारी, हा शब्द आम्हाला फार आवडायचा. म्हणजे तिच्यासाठी दार उघडे. पण ती आत यावी आणि तिच्याबरोबर असा आजार यावा, जो माणसाला होत नाही पण दुसऱ्या मांजरीला मारू शकतो, तर मग दाराचे काय करायचे? हा प्रश्न आमच्यासमोर २०१८ च्या पावसाळ्यात आला. त्याचे उत्तर शोधता शोधता आमच्या हातून एक चूक झाली. ती सांगण्यासाठीच हे लिहायला घेतले आहे.

घरात तेव्हा दोन मांजरे होती. सुरमा हा राखी रंगाचा बोका आणि चांदनी ही मोठी, शहाणी मांजर. सुरमा त्या पावसाळ्यात वाळू लागला. ताप यायचा, जायचा. हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या पडल्या. डॉक्टरांनी रक्ताचे काही थेंब घेऊन पट्टीवर टाकले आणि थोड्याच वेळात सांगितले, "फेलाईन ल्युकेमिया आहे." एका पट्टीवर विसंबायचे नाही म्हणून पुन्हा तपासणी करून घेतली. उत्तर तेच आले. चांदनीची तपासणी मात्र दोन्ही वेळा निर्दोष निघाली.

ल्युकेमिया म्हटल्यावर आम्हाला ब्लड कॅन्सर एवढेच कळले. डॉक्टरांनी समजावले की मूळ दुखणे विषाणूचे आहे. १९६४ मध्ये ग्लासगोला विल्यम जॅरेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो प्रथम शोधला. हा विषाणू मांजराच्या पेशीत शिरून तिच्या मूळ लिखाणातच स्वतःचे लिखाण मिसळून टाकतो. पुढे कुणाला गाठी होतात, कुणाला रक्तक्षय होतो, कुणाची प्रतिकारशक्ती इतकी ढासळते की साधा फोडही जीव घेतो. सगळीच मांजरे मरत नाहीत. काहींचे शरीर विषाणू परतवून लावते, काहींत तो दबून राहतो. मोठ्या मांजरात परतवण्याची ताकद जास्त, पिल्लात फार कमी. आणि ज्यांच्या रक्तात तो कायमचा ठाण मांडतो, त्यांच्यापैकी निम्मी साधारण अडीच-तीन वर्षांच्या आत जातात.

पण आमच्या मनात रुतून बसली ती पसरण्याची रीत. हा विषाणू बाहेर, कोरड्या फरशीवर, फार तास टिकत नाही. साध्या साबणाने मरतो. त्याला लाळ लागते. चावण्यातून तो जातोच, आईच्या दुधातूनही जातो. पण त्याचा नेहमीचा रस्ता म्हणजे एकाच थाळीत खाणे, एकमेकांना बिलगून झोपणे, एकमेकांचे अंग चाटणे. म्हणजे मांजरांच्या जगात ज्याला माया म्हणतात, तोच त्याचा रस्ता. दुष्टाव्याने पसरणाऱ्या आजाराशी भांडता येते. मायेने पसरणाऱ्या आजाराशी कसे भांडायचे?

बातमी गल्लीत पसरली. कॅन्सर ऐकून कुणी हळहळले. हा विषाणू एचआयव्हीच्याच मोठ्या कुळातला आहे, हेही कुठून तरी कुणी ऐकले आणि बायांनी पोरांना आमच्या ओसरीवर पाठवणे बंद केले. माणसाला हा आजार होत नाही, कुत्र्यालाही होत नाही, हे आम्ही दारोदारी सांगितले. भीती वेगाने चालते, खुलासा मागून लंगडत येतो.

सल्ले तीन प्रकारचे मिळाले.

पहिला आमच्या एका चाचांचा. "पोत्यात घाल, खाम नदीच्या पलीकडे सोडून ये." यात काही गैर आहे असे त्यांना वाटत नव्हते. आमच्या शहरात नको झालेले मांजर असेच सोडतात आणि सोडणारा मनात म्हणतो, अल्लाह रोजी देणारा आहे. ते खरेच. पण आपल्या हातातली जबाबदारी टाकताना अल्लाहचे नाव घेणे म्हणजे तवक्कुल नव्हे. उंटाला आधी बांध, मग भरोसा ठेव, ही शिकवण आपण मुलांना सांगतोच की. शिवाय नदीपलीकडेही मांजरे आहेत. आपल्या घरातला आजार दुसऱ्याच्या गल्लीत नेऊन ठेवायचा आणि हात झटकायचे, हे हमसाया या शब्दाशी बेईमानीचे होते. हा सल्ला आम्ही लगेच बाजूला ठेवला.

दुसरा सल्ला एका शिकलेल्या दोस्ताचा. इंजेक्शन देऊन मोकळे करा. कायद्यातही, १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात, ज्या जनावराला जिवंत ठेवणेच क्रूरपणा ठरेल त्याला संपवण्याची तरतूद आहे. पण सुरमा तेव्हा औषधाने सावरला होता. खात होता, खिडकीत ऊन खात होता, माशीवर झडप घालत होता. आम्ही मोहल्ल्याच्या मशिदीतल्या इमामसाहेबांकडे गेलो. त्यांनी लगेच फतवा दिला नाही. जिवाला विनाकारण मारणे मना आहे आणि जिवाला तकलीफ देणेही मना आहे. जिबह करतानासुद्धा सुरी धारदार ठेवा, जनावराला राहत द्या, अशी ताकीद आहे, एवढे सांगितले. आजारी जनावराला संपवण्याबाबत उलेमांत मतभेद आहेत, हेही सांगितले. मग चष्मा पुसत आम्हाला विचारले, "राहत किसकू होना? उसकू, या तुमकू?"

आम्ही गप्प घरी आलो. खरे उत्तर 'आम्हाला' हेच होते. रोजची भांडी वेगळी धुणे, औषधाची वेळ, लोकांच्या नजरा, आणि पुढे येणार हे ठाऊक असलेले मरण. या सगळ्यातून राहत आम्हाला हवी होती. सुरम्याला त्याच्या मरणाची काही खबरच नव्हती.

राहिला तिसरा मार्ग. त्याला घरात, वेगळे, बंद ठेवायचे. मागची खोली, जाळीची खिडकी, वेगळी थाळी. चांदनी वरच्या मजल्यावर. कागदावर हे सोपे दिसते. पण सुरमा गल्लीतला बोका होता, गच्च्या त्याच्या पायाखालच्या. रात्री दुसरी मांजरे ओरडू लागली की तो दाराला नखे लावून असा रडायचा की अम्मी तस्बीह हातात धरून उठून बसायची. एका रात्री ती म्हणाली, "त्या बाईची हदीस ठाऊक आहे ना तुम्हाला?"

कुणाला ठाऊक नाही? एका बाईने मांजर कोंडून ठेवली, तिला खायला दिले नाही, बाहेर जाऊन जमिनीवरचे किडेमुंग्या खाण्यासाठी सोडलेही नाही, ती मेली, आणि त्या बाईला जहन्नमची सजा झाली. लहानपणी ही हदीस ऐकून आम्ही पिंजऱ्यातले पोपटसुद्धा घाबरून सोडून दिले होते. आता आमच्याच घरात कोंडलेली मांजर होती. आम्ही त्या बाईच्या रांगेत उभे होतो का?

पुष्कळ दिवस हा विचार केला. हदीसमध्ये गुन्हा फक्त कोंडण्याचा नाही. कोंडले, दिले नाही, आणि सोडलेही नाही, असे तिन्ही मिळून तो गुन्हा आहे. ज्या क्षणी आपण कुणाचे दार बंद करतो, त्या क्षणी त्याची भूक, त्याचे ऊन, त्याचे एकटेपण आपल्या हिशेबात लिहिले जाते. मोकळ्या मांजरीची रोजी अल्लाहच्या जमिनीवर पसरलेली असते. कोंडलेल्या मांजरीची रोजी आपल्या हातातून जाते. म्हणजे कोंडणे हराम नाही, पण ते उधारीवर असते. उधारी फेडत राहिलात तरच.

दुसऱ्या बाजूलाही दाखला होताच. आजारी उंट निरोगी उंटांत आणू नयेत, अशी हदीस आहे. चाचा म्हणाले, जे तकदीरमध्ये असेल ते होईल, कशाला वेगळे ठेवता? त्यांना आम्ही हिजरी १८ मधल्या, म्हणजे इसवी सन ६३९ च्या सुमाराच्या, अमवासच्या ताऊनची आठवण दिली. शामच्या वाटेवर साथीची खबर मिळताच हजरत उमर (रजि.) माघारी फिरले. हजरत अबू उबैदा (रजि.) यांनी विचारले, अल्लाहच्या तकदीरपासून पळता का? उमर यांच्या उत्तराचा भाव असा होता की एका तकदीरकडून दुसऱ्या तकदीरकडे जातो आहोत. दार बंद करणे हीसुद्धा तकदीरच.

इथपर्यंत आम्ही स्वतःवर खूश होतो. दीन, विज्ञान, दया, तिन्हींचा मेळ बसला असे वाटत होते. पुढचे लिहिणे अवघड आहे.

२०१९ च्या पावसाळ्यात घरातल्या पोरांनी नाल्याच्या काठून एक भिजलेले पिल्लू आणले. पांढरे, मुठीएवढे. नाव पडले बताशा. आधी ते समोरच्या खोलीत ठेवले. तपासणी केली, निर्दोष. त्याच दिवसांत सुरम्याने खाणे टाकले होते. आजाराने की एकटेपणाने, सांगता येत नव्हते. एका दुपारी दार लोटायचे राहिले आणि बताशा मागच्या खोलीत शिरली. आम्ही धावलो तेव्हा ती त्याच्या पोटाशी झोपली होती आणि तो तिचे डोके चाटत होता. त्या संध्याकाळी सुरमा पोटभर जेवला.

आम्हाला सगळे माहीत होते. लाळ माहीत होती, पिल्लांची नाजूक ताकद माहीत होती. डॉक्टरांनी बजावले होते. तरी दुसऱ्या दिवशी ते दार आम्ही पूर्ण बंद केले नाही. थोडा वेळ खेळू दे, असे म्हणालो. मग थोडा वेळ रोजचा झाला. कुणी एकाने हे ठरवले नाही. प्रत्येकाने पाहिले आणि प्रत्येक जण गप्प राहिला. घरातली चूक बहुतेक वेळा अशीच होते, सगळ्यांची आणि कुणाचीच नाही अशी. 'आम्ही' या शब्दाच्या आडोशाला लपायला जागा फार असते.

२०२० उजाडता बताशाला ताप येऊ लागला. तपासणीची पट्टी या वेळी वेगळे बोलली. मार्चमध्ये टाळेबंदी झाली. औषध मिळवताना नाक्या-नाक्यावर हात जोडावे लागले. तो रमजान सगळ्यांना आठवत असेल. मशिदी बंद, तरावीह घरात, जनाज्याला वीस माणसांची मर्यादा. आमच्याच गल्लीतल्या एका बुजुर्गांना खांदा द्यायला आम्ही जाऊ शकलो नाही. त्याच रमजानमध्ये एका सहरीला बताशा गेली. वर्षाचीही झाली नव्हती. उजेड होण्याआधी अंगणातल्या सीताफळाखाली तिला पुरले. सुरमा जाळीतून पाहत होता. ज्याच्या सोबतीला आम्ही तिला जाऊ दिले, तो अजून जिवंत होता.

तेव्हा इमामसाहेबांचा प्रश्न पुन्हा आठवला. राहत कुणाला? सुरम्याला राहत मिळाली, त्याला पाहून आम्हाला मिळाली, आणि किंमत बताशाने चुकवली. तिला कुणी विचारले नव्हते. एका जिवाच्या सुखासाठी दुसरा जीव खर्ची घालायचा हक्क आम्हाला कुणी दिला? आम्ही त्याला दया म्हणत होतो. पण जी दया समोर दिसणाऱ्या डोळ्यांपुरती असते आणि सहा महिन्यांनंतरच्या डोळ्यांचा विचार करत नाही, ती आपल्याच मनाची समजूत असते. त्या हदीसमधल्या बाईने दार बंद ठेवून मांजर मारली. आम्ही दार उघडे ठेवून मारली. म्हणजे प्रश्न दाराचा नव्हताच. दाराच्या आत-बाहेर जो जीव आहे तो आपला माल आहे की आपल्याकडे ठेवलेली अमानत, हा प्रश्न होता. मालाची वाटणी आपल्या मर्जीने करता येते. अमानतीचा हिशेब मालकाला द्यावा लागतो, आणि एका अमानतीतून घेऊन दुसरीत भरता येत नाही.

घरातली धाकटी रडत होती. शेजारच्या खाला म्हणाल्या, माणसे मरताहेत आणि तुम्ही बिल्लीला रडता? त्यांचे चुकले नव्हते; त्यांच्या माहेरी मयत झाली होती. आम्हालाही लाज वाटली. पण मग हजरत अनस (रजि.) यांच्या धाकट्या भावाची, अबू उमैरची, गोष्ट आठवली. त्याचा लाडका छोटा पक्षी मेला होता. पैगंबरसाहेबांनी (स.) त्या पोराला प्रेमाने विचारले, तुझ्या त्या पाखराचे काय झाले? केवढी कामे, केवढी संकटे त्यांच्यासमोर होती! तरी एका पाखराच्या मरणाने उदास झालेल्या मुलाला त्यांनी हलके केले नाही. दुःखाचे रेशनकार्ड नसते. पैशाचे मात्र असते. मांजरीच्या तपासणीला खर्च केला त्या महिन्यात शेजाऱ्याची चूल पेटली की नाही, हे आधी पाहायला हवे. ते पाहून झाल्यावरही खर्च करायला जागा उरतेच. लग्नाच्या एका दावतीत वाया जाणारे अन्न ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे पटेल.

सुरमा जानेवारी २०२१ पर्यंत टिकला. शेवटी छातीत पाणी भरू लागले. मान ताणून, तोंड उघडून श्वास घ्यायचा. डॉक्टरांनी पाणी काढले, पुन्हा भरले. झोपता येईना. आता त्याच प्रश्नाचे उत्तर बदलले होते. राहत त्यालाच हवी होती, हे त्याच्या बरगड्यांकडे पाहून कुणीही सांगितले असते. इंजेक्शन द्यायचे ठरले. इथे मात्र घरातला 'आम्ही' फुटला. अम्मीने नाही म्हटले नाही, हो म्हटले नाही. ती उठून ओसरीवर गेली. बाकीच्यांनी सुरम्यावर हात ठेवला. आम्ही योग्य केले का? ज्यांनी हात ठेवला त्यांना अजून वाटते, हो. अम्मीने आजवर त्याबद्दल एक शब्द काढलेला नाही. ज्या गोष्टीत उलेमांचेही एकमत नाही, तिच्यात एका घराचे एकमत व्हावे असा हट्ट आम्हीही धरत नाही.

मांजरीवर प्रेम असणाऱ्या आपल्या लोकांत अनेक गोष्टी सांगितल्या जातात. झोपलेल्या मांजरीसाठी पैगंबरसाहेबांनी (स.) आपली बाही कापली, ही त्यांतली सगळ्यांत लाडकी. हदीसच्या ग्रंथांत ती सापडत नाही. गोड आहे म्हणून ती आपण सांगत राहतो. पण जे ग्रंथांत आहे ते गोड नाही, जबाबदारीचे आहे. कोंडलेस तर खाऊ घाल, आजारी आणि निरोगी एकत्र करू नकोस, सुरी चालवावी लागलीच तर तकलीफ कमी कर. माया करणे सोपे असते. मायेला शिस्त लावणे हे खरे काम आहे, आणि आम्ही तिथेच कमी पडलो.

चांदनी अजून आहे. म्हातारी झाली आहे, पुन्हा केलेल्या तपासणीतही निर्दोष. आता घरात कोणतेही मांजर आले की ते आधी वेगळ्या खोलीत राहते. तपासणी होते, आणि किमान महिन्याने पुन्हा होते, कारण नवा संसर्ग लगेच पट्टीवर दिसत नाही. बोक्यांचे ऑपरेशन करून घेतो, म्हणजे गच्चीवरची भांडणे आणि चावे कमी होतात. या आजाराची लस अमेरिकेत १९८५ पासून आहे. ती मिळेल तिथे, डॉक्टरांना विचारून, निरोगी पिल्लाला द्यावी. प्रत्येक थाळी वेगळी, साबणाने धुतलेली. हे सगळे बताशाने शिकवले, आणि तिच्या उपयोगाचे काहीच नव्हते.

सुरमा गेला त्या संध्याकाळी अम्मीने त्याच्या वाट्याचे छिछडे उंबऱ्याबाहेर ठेवले. एकाच थाळीत नाही. पाच-सहा कागदांवर, एकमेकांपासून हातभर अंतर सोडून. गल्लीतली मांजरे आली, आपापला कागद धरून खाऊ लागली. आता ती रोज तसेच ठेवते. आम्ही दारात उभे राहून पाहतो. आमचा हिशेब पुरा झाला की नाही, अल्लाहच जाणे.